दाखल होतानाच विचारा

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत पगारावर, रिक्षावर किंवा दुकानावर घर चालवणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. घरातलं माणूस दवाखान्यात दाखल करताना पैशाचे प्रश्न त्याच वेळी विचारा. डिस्चार्जच्या दिवसापर्यंत थांबू नका.

सरकारी योजनेची मंजुरी उपचार सुरू होण्याआधी घ्यावी लागते. विम्याचं कॅशलेस दाखल होताना सुरू होतं. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेचा अर्ज आधी करायचा असतो. मुख्यमंत्री सहायता निधी रुग्णालयाच्या खात्यात पैसे जमा करतो, तुम्ही भरून टाकलेल्या बिलाची भरपाई देत नाही. कामगार विम्यात रेफरचा कागद आधी हातात असावा लागतो. म्हणजे मदतीचे जेवढे म्हणून मार्ग आहेत, ते जवळपास सगळे दाखल होण्याच्या वेळेशी बांधलेले आहेत. आपण मात्र ‘आधी पेशंट वाचू दे, पैशाचं नंतर बघू’ म्हणतो, आणि सहाव्या दिवशी बिलिंगच्या खिडकीत हातात कागद पडला की मग फोन सुरू होतात. नगरसेवकाला, ओळखीच्या डॉक्टरला, मेव्हण्याला, ऑफिसातल्या साहेबांना. त्या वेळी कोणाच्याच हातात फारसं काही उरलेलं नसतं.

त्या घाईमागची माया मला कळते. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत कळ आली तर मुलगा दराचा फलक वाचत बसणार नाही, आणि बसूही नये. पण अशा वेळी घरातून निदान दोघं तरी निघतात. एकानं पेशंटजवळ राहावं. दुसऱ्यानं फाइल घेऊन काउंटरवर जावं आणि विचारावं: इथे जनआरोग्य योजना चालते का? या आजारासाठी चालते का? योजनेसाठी मदत करणारे आरोग्यमित्र कुठे बसतात? याला दहा मिनिटं लागतात आणि त्यानं उपचार थांबत नाहीत.

आपल्या भागात हे अधिक निकडीचं का, तेही सांगतो. डोंबिवलीत शास्त्रीनगर, कल्याणात रुक्मिणीबाई ही पालिकेची रुग्णालयं आहेत. पेशंट गंभीर झाला की तिथून कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि कळव्याहून पुढे सायनला किंवा केईएमला पाठवलं जातं. ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या त्याच रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. ती बातमी इथल्या माणसाच्या मनातून गेलेली नाही. म्हणून परवडत नसतानाही लोक घराजवळच्या खासगी नर्सिंग होमकडे वळतात. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरात सरकारी रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च 4,452 रुपये होता आणि खासगीत 31,845 रुपये. हे आकडे जुने आहेत आणि सरासरीचे आहेत. घोडबंदर रोडवरच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात आयसीयूमध्ये चार दिवस काढलेल्याला ते खरेसुद्धा वाटणार नाहीत. पण दोन्हीतली तफावत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सरकारी रुग्णालयांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या कानावर आलेली नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. ठाण्याचं सिव्हिल आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय त्यात येतं. ठरवून करायचं ऑपरेशन असेल, हर्निया असो की मोतीबिंदू, तर खासगीत तारीख घेण्याआधी तिथे एक चक्कर मारायला काय हरकत आहे? गर्दी असेल, दोन-तीन खेपा घालाव्या लागतील. पण जीव धोक्यात नसताना त्या खेपा कर्जापेक्षा स्वस्तच पडतात.

आता मुख्य योजनेकडे येतो. 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तिलाच 2017 पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणतात. सुरुवातीला ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांसाठी होती आणि दीड लाखापर्यंत होती. डोंबिवलीतल्या पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांच्या डोक्यात ती अजून तशीच बसली आहे: ‘ते गरिबांचं असतं, आपल्याला नाही मिळत.’ हे आता खरं नाही. 1 जुलै 2024 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेबरोबर एकत्र चालते, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, कार्ड पांढरं असलं तरी, आणि संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत आहे. त्या वेळी 1,356 उपचारांची यादी होती. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार, डायलिसिस हे सगळं तिच्यात आहे. पेशंटनं पैसे भरायचे नसतात. डिस्चार्जनंतरच्या दहा दिवसांची तपासणी आणि औषधंही त्याच पॅकेजमध्ये धरलेली असतात. तेव्हा टाके काढायला गेल्यावर पैसे मागितले तर का, ते विचारा.

योजनेच्या मर्यादाही नीट समजून घ्या, नाहीतर ऐन वेळी हिरमोड होतो. प्रत्येक रुग्णालय योजनेत नाही. जे आहे ते सगळ्या आजारांसाठी असेलच असं नाही; एखाद्या ठिकाणी हृदयाचं होतं, हाडाचं होत नाही. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत. ओपीडीचा खर्च मिळत नाही. आणि योजनेतल्या रुग्णालयातही ‘योजनेतून करायचं तर थांबावं लागेल, कॅशनं करायचं तर उद्या करू’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी जागेवरूनच 155388 किंवा 18002332200 या योजनेच्या मोफत क्रमांकावर फोन लावा आणि आरोग्यमित्राचं नाव विचारून घ्या. तातडीच्या पेशंटची नोंद फोनवरूनही होते, कागद मागाहून देता येतात. पण नोंद व्हायला हवी, आणि ती आपण बोललो तरच होते.

सगळ्यात जास्त घोळ कागदांत होतो आणि तो आधीच निस्तरता येण्यासारखा असतो. इथल्या निम्म्या घरांचं रेशनकार्ड गावी असतं, रत्नागिरीला, जळगावला, साताऱ्याला. महाराष्ट्रातलं कार्ड असेल तर ते इथेही चालतं, पण मूळ कार्ड गावच्या कपाटात आणि पेशंट कल्याणात, अशी पंचाईत होते. त्याचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डावर चढलेलं नसतं. बाळंतपणात गुंतागुंत झाली की हे उघडं पडतं. नवीन बाळाचं नाव वर्ष वर्ष घातलं जात नाही. आधारवर ‘सुरेखा’ आणि रेशनकार्डावर ‘सुलेखा’ असलं तरी अडतं. हे शिधावाटप कार्यालयातलं एका सुट्टीचं काम आहे. आयुष्मान कार्ड नसेल तर तेही करून घ्या. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून किंवा आपले सरकार केंद्रात आधार दाखवून ते निघतं.

घरात सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर आज उद्या न करता त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मुलाचा खासगी विमा असला तरी चालतं. आईवडील आपणहून सांगायचे नाहीत. ‘आम्हाला काय होतंय’ म्हणतील. तुम्ही त्यांचं आधार कार्ड घेऊन बसा आणि करून टाका. चौकशीचा क्रमांक 14555.

वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांनी पगाराची स्लिप नीट बघावी. पगार 21,000 पर्यंत असेल आणि कारखाना कामगार विम्याच्या कायद्याखाली येत असेल तर तुम्ही त्यात, म्हणजे ईएसआयसीत, यायला हवं. तुमचा वाटा पगाराच्या पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन टक्के. पैसे कापले जातात आणि कुटुंबाची नावंच नोंदवलेली नसतात, असं बरेचदा असतं. बायकोमुलांची आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं कार्डावर आहेत का, ते या आठवड्यात पाहा. रेल्वेतून निवृत्त झालेल्यांची कल्याणात मोठी वस्ती आहे, त्यांच्यासाठी कल्याणचं रेल्वे रुग्णालय आहे. तिथलं कार्ड चालू ठेवा, पत्नीचं नाव तपासा.

विम्यावर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्याकडे ‘कंपनीचा मेडिक्लेम आहे’ या एका वाक्यावर सगळं घर निर्धास्त असतं. सकाळची फास्ट पकडून मुंबईत नोकरीला जाणाऱ्या माणसाचा तो विमा नोकरीबरोबर संपतो. निवृत्तीला संपतो, म्हणजे ज्या वयात गरज लागायला लागते नेमकं त्याच वयात. पंचेचाळिशीतच स्वतःच्या नावावर एखादी छोटी का होईना, पॉलिसी घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. ती नोकरी असताना निघून जाऊ द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी लागत नाही. आरोग्य संजीवनी नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी सगळ्या कंपन्या विकतात, पहिल्यांदा घेणाऱ्यानं निदान तिथून चौकशी सुरू करावी. आणि फॉर्म भरताना बीपी, शुगर लपवू नका. एजंट म्हणेल, ‘कशाला लिहिताय, हप्ता वाढेल.’ क्लेम नाकारला गेला की तो एजंट बिल भरायला येत नाही.

पॉलिसीतली एक अट मात्र माणसाला फार महागात पडते, ती नीट बघा. समजा, पॉलिसी पाच लाखांची आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे रोज 5,000 रुपये. काउंटरवर विचारतात, ‘जनरल की सिंगल?’ आपण म्हणतो, विमा आहे ना, द्या सिंगल. भाडं रोज 10,000. पाच दिवसांनी बिल येतं दोन लाखांचं: खोली 50,000, डॉक्टर, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून एक लाख, औषधं आणि तपासण्या 50,000. घरच्यांचा हिशेब असतो की वरचे 25,000 आपण भरू. पण खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली म्हणून डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही कंपनी त्याच प्रमाणात निम्माच धरते. औषधं आणि तपासण्यांवर ही कात्री चालत नाही. म्हणजे कंपनी देते 25,000 अधिक 50,000 अधिक 50,000, एकूण सव्वा लाख. घरातून जातात 75,000. ऑपरेशन तेच, सर्जन तोच. तेव्हा दाखल होताना पॉलिसीचा कागद उघडा, खोलीभाड्याची ओळ शोधा आणि त्या मर्यादेतली खोली मागा. ती शिल्लक नसेल तर रुग्णालयातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कला तसं लेखी कळवा.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीनं एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामकाचा 2024 चा नियम आहे. उशिरामुळे रुग्णालयानं जादा दिवस लावला तर तो कंपनीनं सोसायचा. हे ठाऊक असलेला नातेवाईक काउंटरवर वेगळ्या आवाजात बोलतो. क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या, तिथे काही झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.

खासगी रुग्णालयात पाऊल टाकताना आपण दबून जातो. दबून जायचं कारण नाही. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली. दर दिसतील असे लावायचे, रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायची, बिलापायी मृतदेह अडवून ठेवायचा नाही, हे सगळं त्यात आहे. खर्चाचा अंदाज दाखल होतानाच लेखी मागा. दर दोन दिवसांनी झालेला खर्च विचारा. शेवटी बिल सगळ्या तपशिलासह मागा आणि ओळीओळीनं वाचा: हातमोजे किती जोड, डॉक्टरांच्या व्हिजिट किती आणि त्यातल्या खरोखर किती झाल्या, एकच तपासणी दोनदा लावली आहे का. पटलं नाही तर पालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा. नर्सिंग होमची नोंदणी तोच करतो. याचा उपयोग होतो हे कोविडमध्ये आपण पाहिलं आहे. मे 2020 मध्ये सरकारनं रोजचे दर ठरवले, साध्या खाटेला 4,000, आयसीयूला 7,500, व्हेंटिलेटरला 9,000. बिलं तपासायला ऑडिटर बसवले गेले आणि ज्यांनी तक्रारी केल्या त्यांतल्या अनेकांना जादा घेतलेले पैसे परत मिळाले. न विचारणारेही त्याच वॉर्डात होते.

मोठ्या आजारासाठी मुंबई गाठावी लागली तर हे लक्षात असू द्या: लीलावती, जसलोक, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल ही नावं ऐकून माघारी फिरू नका. ती धर्मादाय रुग्णालयं आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2006 च्या आदेशानुसार अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या आहेत, आणि त्यासाठी बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आहे. वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर मोफत, 3,60,000 पर्यंत असेल तर सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढायला दिवस जातात, म्हणून आजार नसतानाच काढून ठेवा. तिथे गेल्यावर वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं. निर्धन रुग्ण तातडीच्या अवस्थेत आला तर अनामत रक्कम न मागता दाखल करून घ्यायचं, असाही नियम आहे. तो मोडला जातो. 2025 मध्ये पुण्यात अशाच अनामत रकमेवरून केवढा क्षोभ उसळला, ते सगळ्यांनी वाचलं आहे. मोडला जातो म्हणून तर तो आपल्याला तोंडपाठ हवा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी आता मंत्रालयात जायची गरज नाही, ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा, पेशंट आत असतानाच.

रोजच्या गोळ्यांचा खर्च दिसत नाही पण महिन्याला घर पोखरतो. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या असतात. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘याची जेनेरिक चालेल का?’ आणि जनऔषधी केंद्रातून घ्या. तिथे तेच औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. दाखल असतानाही रुग्णालयाच्याच मेडिकलमधून औषध घ्यायची सक्ती कोणी करू शकत नाही.

एवढं सगळं करूनही पैसे कमी पडले तर आधी एफडी मोडा, मग पीएफमधून आजारपणासाठीची उचल घ्या, मग बँकेत किंवा पतपेढीत सोनं तारण ठेवा. मोबाइलवर पाच मिनिटांत मिळणारं कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांना अगदी शेवटपर्यंत हात लावू नका. दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाला वसुलीचे फोन ऐकवायची वेळ आणू नका.

आपल्याकडे सोसायट्यांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात आणि गणपतीत प्रत्येक मंडळाचा आरोग्य शिबिराचा फलक लागतो. शिबिरात बीपी मोजून घरी पाठवतात, त्यापेक्षा या वर्षी एक संध्याकाळ कार्डांसाठी द्या. दोन मुलं लॅपटॉप घेऊन बसली तर एका इमारतीतल्या सगळ्या आजीआजोबांची वय वंदना कार्डं तिथेच निघतील, कोणाचं नाव रेशनकार्डावर नाही ते कळेल, आणि आपल्या प्रभागातली कोणती रुग्णालयं कोणत्या आजारासाठी योजनेत आहेत याची यादी जिन्याजवळच्या फलकावर लावता येईल. यादीखाली 155388, 14555 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे तीन क्रमांक ठळक लिहा, आणि रात्री-अपरात्री फाइल घेऊन काउंटरवर जायला तयार असणाऱ्या दोघातिघांचे फोनही, त्यांना विचारून.